काल घरी कोण आलं हुतं?

मिरजेतल्या एका रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावर, दुर्बिणीच्या खोलीबाहेर एक टेबल होते. त्या टेबलावर रुग्णाला विचारला जाणारा पहिला प्रश्न आजाराबद्दल नसे.

"काल घरी कोण आलं हुतं?"

विचारणाऱ्या बाईंच्या अंगात पांढरा कोट, कोटाच्या उजव्या बाहीवर कितीही धुतला तरी न गेलेला निळा डाग, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. रुग्ण गोंधळून जाई. दुखते कुठे, रक्त किती दिवसांपासून पडते, याची उत्तरे तो घरून तयार करून आलेला असे. पाहुण्यांच्या चौकशीची तयारी त्याने केलेली नसे. त्यामुळे तो खरे बोले.

"कोण न्हाई. मेव्हणं आलं हुतं तेवढं."

"मुक्कामाला?"

"छ्या. जेवून गेलं."

"काय केलं हुतं?"

"मेथी, भाकरी. त्यांच्यासाठी हां. मी न्हाई."

"तुमी बसला न्हाई त्यांच्यासंगं?"

इथे रुग्ण खिडकीकडे बघे. बाई पेनाला टोपण लावत. "जावा घरी. पुढच्या गुरवारी या."

बाईंचे नाव अनसूया साळुंखे. मूळच्या पाटणकडच्या. मिरजेत नोकरीला तीस वर्षांहून जास्त काळ काढला, तरी त्यांची बोली तसूभरही बदलली नव्हती. रुग्णालयातले सगळे त्यांना अक्का म्हणत. डॉक्टर वयाने त्यांच्याहून मोठे होते, तेही अक्काच म्हणत. दुर्बिणीच्या खोलीची तयारी, उपकरणांची धुलाई आणि रुग्णांची छाननी, ही तीन कामे त्यांच्याकडे होती. पहिल्या दोन कामांबद्दल त्यांचे कधी कोणाशी वाजले नाही. तिसऱ्यापायी आठवड्यातून एकदा तरी वाजे.

त्याचे कारण समजायला त्या खोलीत गुरुवारी काय चाले, ते सांगायला हवे. मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून आतले अस्तर पडद्यावर बघणे, ही तपासणी आता तालुक्याच्या गावीही होते. पण काही रुग्णांचे अस्तर साध्या प्रकाशात ठीक दिसते आणि त्रास मात्र थांबत नाही. अशांच्या आतड्यात डॉक्टर दुर्बिणीतूनच निळ्या रंगाचे पाणी फवारत. हा रंग अस्तराच्या बारीक खाचांत जाऊन बसतो. निरोगी जागी खाचांची नक्षी सलग दिसते. सूज असेल तिथे ती विस्कटते. मग तपासणीसाठी अस्तराचा तुकडा नेमका कुठून घ्यायचा, हे कळते. या कामाला जवळजवळ तास लागे. म्हणून ते फक्त गुरुवारी होई आणि चारच रुग्ण घेतले जात.

अक्का त्या रंगाला नीळ म्हणत. मोठ्या सिरिंजमध्ये भरण्याआधी त्या ती खिडकीच्या उजेडात धरून बघत. त्यांना ती आकाशीही नको असे, शाईसारखीही नको असे. "शाळंच्या ड्रेसवानी पायजे," असे त्यांचे माप होते. एका रुग्णाने दुसऱ्या दिवशी घाबरून फोन केला की संडास निळी झाली. अक्का म्हणाल्या, "मग काय गुलाबी व्हायची हुती? पाणी प्या. उद्या जाईल."

रंगाची एकच अट असते. आतडे पूर्ण धुतलेले हवे. पालेभाजीचा एक तंतू, एक बी जरी चिकटून राहिली, तरी रंग तिथे साचतो आणि चित्र बिघडते. त्यासाठी आदल्या दिवशी फक्त नितळ पाणी, सरबत, बिनदुधाचा चहा, आणि मग पोट साफ करणारे औषध पाण्यात कालवून तांब्यामागून तांब्या. हे अक्का प्रत्येकाला एकाच दाखल्याने समजावत. "सारवल्याली जमीन आसली तर रांगुळी उठून दिसती. चिखलात काढून बघा बरं." ऐकणाऱ्या बायका हसत, पुरुष मान हलवत. तरीही गुरुवारी चारातला एक जण चिखल घेऊनच येई.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो थोरल्या भावामुळे. दादा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि शिराळ्याजवळच्या आमच्या गावी उसाची शेती बघू लागला. आठ वर्षे त्याला शौचावाटे रक्त पडत होते. पलटणीत असताना त्याने ते कोणाला सांगितले नाही. गावी आल्यावर सांगितले, तर मूळव्याधीचे मलम मिळाले. ते संपले की दुसरे मलम मिळाले. एका ठिकाणी घाईघाईत दुर्बीण झाली, त्याचाही निष्कर्ष मूळव्याधच निघाला. दरम्यान दादाच्या पट्ट्याला दोन नवी भोके पाडावी लागली. शिराळ्याहून मिरजेला येताना कुठे शौचालय आहे आणि कुठल्याला कडी नाही, हे त्याला पाठ झाले होते. पेठ नाका, आष्टा, सांगलीचा स्टँड. गाडीत तो कायम दाराजवळच्या सीटवर बसे.

मिरजेच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा साध्या प्रकाशात बघितले. शेवटच्या भागात थोडी लाली होती, वरचे सगळे ठीक दिसत होते. अंदाजाने घेतलेल्या तुकड्यांचा अहवाल असेलही आणि नसेलही, अशा भाषेत आला. डॉक्टर म्हणाले, "ही मूळव्याध नाही, एवढं मी सांगतो. आतड्याला सूज आहे. पण ती कुठपर्यंत आहे, ते मला असं दिसत नाही. आठ वर्षं जुनी असेल, तर आत दुसरं काही सुरू झालंय का, हेही बघायला हवं."

"दुसरं म्हणजे?" दादाने विचारले.

"कॅन्सर," डॉक्टर म्हणाले. "असेल असं म्हणत नाही. बघायला हवं, असं म्हणतोय."

पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली. आदल्या दिवशी काय चालेल, काय चालणार नाही, याचा छापील कागद मिळाला. दादाने तो कपाटाच्या दाराला चिकटवला आणि मला फोनवर सांगितले, "ऑर्डर हाय म्हटल्यावर फॉलो करायची. त्यात काय एवढं."

गुरुवारी सकाळी आम्ही त्या टेबलासमोर बसलो. अक्कांनी फाईलवरचा 'माजी सैनिक' हा शिक्का बघितला, पण ती उघडलीही नाही.

"काल घरी कोण आलं हुतं?"

दादा म्हणाला, "साडू आला हुता. वास्तुशांतीचं आवतण घिऊन."

"जेवला?"

"आता साताऱ्यास्नं आल्याला माणूस तसाच जाईल का?"

"आन तुमी?"

दादा ताठ बसला होता. ताठ बसूनच म्हणाला, "मी नुसता बसलो त्याच्यासंगं."

आमच्याकडे नुसते बसणे म्हणजे काय, हे इथे सांगायला हवे. पाहुणा एकटा जेवत नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाने त्याच्या शेजारी ताट घेऊन बसायचे आणि पाहुण्याचा हात धुऊन होईपर्यंत आपला धुवायचा नाही. यजमान जेवला नाही, तर पाहुणाही दुसरी भाकरी घेत नाही. हे कोणी शिकवत नाही आणि कोणी मोडत नाही. दादाने अर्धी भाकरी खाल्ली होती. पोकळ्याची भाजी आणि कारळ्याच्या चटणीबरोबर.

"कारळं!" अक्कांनी चष्मा काढला. "आवं, एकेक कारळं आतड्याला चिकाटल्यावर डाक्टरांनी काय कारळं मोजायचं का?"

"अर्धीच भाकरी हुती."

"पलटणीत हुता न्हवं तुमी? अर्धीच गोळी लागली, असं आसतंय का कवा?"

बाकावरचे दोघेतिघे हसले. दादाचा चेहरा लाल झाला. मी मध्ये पडलो. आम्ही पहाटे निघालो होतो. दादाने औषधाचे सगळे पाणी प्यायले होते आणि रात्रभर तो आत-बाहेर करत होता. एवढ्या त्रासानंतर अर्ध्या भाकरीसाठी परत पाठवणे मला अन्यायाचे वाटले, आणि ते मी बोललो. मी सांगलीच्या वर्तमानपत्रात काम करतो, हेही सांगून पाहिले.

अक्कांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितले. "मग तुमी अर्धी म्हाईती असताना बातमी छापता का?"

याचे खरे उत्तर मी दिले नाही.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी फाईल चाळली, दादाकडे बघितले. "अक्का, आलेत तर बघून घेऊ का?"

"बघा की. तुमी डाक्टर हाय," अक्का म्हणाल्या. "मी नीळ भरायची न्हाई."

डॉक्टर फाईल टेबलावर ठेवून आत गेले. दादाला पुढची तारीख मिळाली. ती तीन आठवड्यांनंतरची होती.

दुसऱ्या वेळी दादाने वहिनींना सांगून ठेवले की त्या दिवशी कोणालाही घरात घ्यायचे नाही. वहिनींनी दाराला आतून कडी लावली. गुरुवारी त्याही बरोबर आल्या. दादा टेबलासमोर आत्मविश्वासाने बसला आणि अक्कांनी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, "कोणबी आलं न्हवतं."

"बरं. तुमी कुणाकडं गेलता?"

वहिनी जमिनीकडे बघून म्हणाल्या, "शेजारी म्हस व्याली हुती."

"खरवस," अक्का म्हणाल्या. त्यात प्रश्न नव्हता.

"कागदावर दूध नगो, असं लिवलंय," दादा म्हणाला. "खरवसाचं नाव न्हाई त्यात. मी वाचून बघितलं. आन पयला खरवस हाय, त्यानं हाक मारून बोलवलं. न्हाई कसं म्हणायचं?"

अक्कांनी त्या दिवशी टोमणा मारला नाही. ड्रॉवरमधून त्या छापील कागदांचा गठ्ठा काढला आणि पेनाने एकेकावर 'खरवस नाही' असे लिहायला लागल्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "मागल्या वर्सी आंबील लिवली. त्याच्या आदी राजगिऱ्याचा लाडू लिवला. ह्या कागदावर आता जागाच ऱ्हायली न्हाई."

त्या क्षणी मला त्यांचा राग आला, दादाचा आला आणि त्या म्हशीचाही आला. आणखी तीन आठवडे. या मधल्या काळात दादाला उसाच्या फडात अर्धा तासही उभे राहता येईनासे झाले होते. रक्त वाढले होते. आत काय चालले आहे हे कोणालाच माहीत नव्हते, आणि ते कळण्याच्या आड एक वाटी खरवस आला होता. दादा आणि वहिनी खाली गेल्यावर मी अक्कांना गाठले. म्हटले, तुम्हाला माणसांवर विश्वासच ठेवता येत नाही. तुम्ही त्यांना आरोपीसारखे बसवता.

त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाल्या, "च्या घ्याचा का? मला दहा मिन्टं हायती."

उपाहारगृहात त्यांनी जे सांगितले, ते त्यांच्याच शब्दांत देतो. मी ते त्याच दिवशी लिहून ठेवले होते.

"माझं थोरलं दीर हुतं. गावाकडनं आणलं हुतं हितं, ह्याच खोलीत. तवा नीळ-बीळ न्हवती, साधीच दुर्बीण. सायेब म्हणले, सिस्टर, ह्यांची तयारी झाली का इचारा. आता ते थोरलं दीर. लगीन झाल्यापास्नं मी त्यांच्यापुढं कवा डोईवरचा पदर खाली घेतला न्हाई, का कवा त्वांड वर करून बोलले न्हाई. त्यांना मी 'तुमाला साफ झाली का' आसं इचारणार? आंगात युनिफॉर्म हुता, तरी हात डोईकडं गेला माजा. मी न्हाई इचारलं. कागदावर लिवलं, तयारी झाली. दोन ठिकाणी घाण हुती आत. सायेब म्हणले, बाकी चांगलं दिसतंय. आमी प्येढं वाटलं."

त्यांनी चहा बशीत ओतला.

"दीड वर्सानं परत आणलं. गाठ निघाली. जितं घाण हुती, तितंच. मातीला जाऊन आल्यावर जाऊबाई म्हणल्या, आगं, तपासणीच्या आदल्या दिशी पावणं हुतं, आमी कोंबडं कापलं हुतं. तवा माज्या ध्येनात आलं. 'साफ झाली का' हे मला इचारता येत न्हवतं. पर 'घरी कोण आलं हुतं' हे आलं आसतं की. डोईवर पदर आसला तरी इचारता येतं ते. सुनंला येतं, ल्येकीला येतं. कुणालाबी इचारता येतं."

चहा संपवून त्या उठल्या. जाता जाता म्हणाल्या, "इस्वास हाय माजा माणसांवर. खोटं कोण बोलत न्हाई. खाल्लं का इचारलं की माणूस न्हाई म्हणतो, कारण त्याच्या मतानं त्यानं खाल्लंच नसतंय. तो पावण्याबरूबर बसल्याला आसतो."

त्याच दुपारी त्यांनी वहिनींना बाजूला घेऊन दहा मिनिटे काहीतरी समजावले. काय ते आम्हाला तिसऱ्या वेळेच्या आदल्या दिवशी कळले. त्या दिवशी पाहुणा आलाच. तोच साडू आला, वास्तुशांतीचे फोटो घेऊन. वहिनींनी दाराला कडी लावली नाही. दोन पाट मांडले, दोन ताटे वाढली. साडूच्या ताटात भाकरी, भाजी, चटणी. दादाच्या ताटात औषधाच्या पाण्याचा तांब्या आणि पेला. दादा मांडी घालून बसला. साडूने घास घेतला की दादाने घोट घ्यायचा. वहिनी आग्रह करत होत्या, दोघांनाही. "घ्या की भावजी, लाजू नगा. आवं, तुमीबी घ्या, अजून एक प्येला." साडूने एकाच भाकरीवर हात धुतला आणि उजेड असतानाच तो साताऱ्याच्या वाटेला लागला. त्याचा हात धुऊन झाल्यावर दादाने आपला धुतला. रीत मोडली नाही.

सकाळी अक्कांनी विचारले आणि दादाने सगळे सांगितले. अक्कांनी एकच प्रश्न विचारला, "चटणी कशाची हुती?"

"कारळ्याची."

"हात न्हाई लावला?"

"वासबी घेतला न्हाई."

अक्का उठल्या आणि नीळ भरायला गेल्या.

तास सव्वा तासाने डॉक्टरांनी मला आत बोलावून पडद्यावरची छायाचित्रे दाखवली. प्रत्येक जागेची दोन, रंगाआधीचे आणि नंतरचे. आधीची सगळी सारखीच होती, गुलाबी, ओलसर, माझ्या डोळ्यांना निरोगी. नंतरच्यांत निळ्या रेषांचे बारीक जाळे होते. डॉक्टर समजावू लागले, तेवढ्यात मागून अक्कांनी हातातल्या फडक्यानेच पडद्याकडे खूण केली. "ही बघा रांगुळी. आन हितनं मोडली." त्या जागेपासून खाली जाळे तुटत गेले होते आणि अस्तर रवाळ दिसत होते. सूज डॉक्टरांना आधी वाटली होती त्यापेक्षा बरीच वर, डाव्या बाजूच्या वळणाच्या पलीकडे पोचली होती. आणि तिच्या मध्यावर एक चपटी जागा होती, मुगाच्या डाळीएवढी, कडेने निळी रेघ ओढल्यासारखी. तिचे रंगाआधीचे छायाचित्र मी पुन्हा दाखवायला सांगितले. त्यात काहीही दिसत नव्हते.

तुकड्यांचा अहवाल आठवड्याने आला. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची वर्षानुवर्षे टिकणारी सूज. त्या चपट्या जागेत बदलाची सुरुवात होती. कॅन्सर झालेला नव्हता, पण वाट त्याच दिशेची होती. महिनाभराने डॉक्टरांनी ती जागा दुर्बिणीतूनच काढली. सुजेची औषधे सुरू झाली. दादाचा पट्टा एका भोकाने परत सैल झाला. मात्र डॉक्टरांनी बजावले की दर वर्षी तपासणी लागणार. एक जागा निघाली म्हणजे दुसरी निघू शकते, आणि ती वेळेत सापडली नाही तर मोठे आतडेच काढावे लागेल.

पुढची दोन वर्षे वहिनी तपासणीच्या आदल्या दिवशी दोन ताटे वाढत राहिल्या आणि सगळे सुरळीत झाले. तिसऱ्या वर्षी रुग्णालयात नवे यंत्र आले. त्यात एक बटण दाबले की प्रकाशच बदलतो आणि अस्तराची नक्षी रंगाशिवाय उठून दिसते. तास लागत नाही. गुरुवारची अट राहिली नाही. डॉक्टर मला म्हणाले की बऱ्याच ठिकाणी आता असेच बघतात, आणि गरज वाटली तर रंग आहेच. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. अक्कांनाही ते चुकीचे वाटले नाही. नव्या यंत्रावर त्या अजिबात चिडल्या नाहीत. "बटणानं दिसत आसंल तर ब्येसच की. माज्या कोटाला डाग पडायचा न्हाई."

चिडल्या त्या वेगळ्याच गोष्टीवर. यंत्राबरोबर नवी पद्धत आली. टेबलावरची छाननी बंद झाली. रुग्णाने एका पडद्यावर बोट लावून स्वतःच उत्तरे द्यायची. काही खाल्ले आहे का? होय, नाही. पोट साफ झाले आहे का? होय, नाही. अक्कांनी व्यवस्थापकांना सांगून बघितले की त्यात एक प्रश्न वाढवा. व्यवस्थापकांनी विचारले, कोणता? त्यांनी सांगितला. व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते, ते हसले नाहीत. त्यांनी सांगितले की प्रश्न पुण्याच्या मुख्य कार्यालयातून ठरून येतात. अक्का आणखी दोनदा गेल्या. तिसऱ्यांदा जायच्या आत त्यांची निवृत्तीची तारीख आली.

निरोपाच्या दिवशी मी गेलो होतो. शाल, नारळ, भाषणे झाली. अक्कांना बोलायला सांगितले. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बटण दाबायच्या आदी इचारत जावा. बटणाला घाण दिसती, पर ती बाजूला सारता येत न्हाई." एवढेच. टाळ्या कमी पडल्या. त्या संध्याकाळच्या गाडीने पाटणला गेल्या. गावात फोनला रेंज धड नाही. घरामागच्या चढावर गेले तर लागतो.

दादाची या वर्षीची तपासणी एका मंगळवारी होती. नव्या सिस्टर तरुण होत्या, बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी दादाच्या हातात पडदा दिला. दादाने चष्मा लावून दोन्ही ठिकाणी बोट टेकवले आणि पडदा परत केला. हिरवी खूण उमटली. सिस्टर म्हणाल्या, "छान. कपडे बदलून घ्या काका."

दादा उठला नाही. तो खिडकीकडे बघत होता.

मी त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान आहे. त्याच्या कुठल्याही गोष्टीत खोट काढायची मला सवय नाही, आणि शौचाची चौकशी तर मी या आजाराआधी जन्मात केली नसती. मी म्हणालो, "दादा, काल घरी कोण आलं हुतं?"

"तू नगो इचारूस."

मी त्याच्या शेजारी बसलो.

"पलटणीतला जोडीदार आला हुता," तो म्हणाला. "आटपाडीचा. बारा वर्सांनी आला. तुजी वहिनी माह्यारी गेलीया. त्यानंच पिशवीतनं भाकरी काढली, त्याच्या आईनं दिल्याली. म्हणाला, हवालदार, बसा."

मी सिस्टरना सांगितले. त्यांनी पडद्यावर बघितले. "पण यांनी तर नाही म्हटलंय."

"त्यांच्या मते त्यांनी खाल्लेलं नाही," मी म्हणालो.

त्यांना ते कळले नाही, आणि त्यांना कळावे असे मी सांगूही शकलो नाही. वेळ रद्द झाली. पुढची पाच आठवड्यांनंतरची मिळाली. मागच्या तपासणीला वर्ष उलटून गेले होते.

परतीच्या गाडीत दादा दाराजवळच्या सीटवर बसला आणि माझ्याशी बोलला नाही. सांगली गेली. एकदा नुसते म्हणाला, "हिरवी टिक झाली हुती. आतापतोर मोकळा झालो आसतो." गाडीत सगळ्यांचा राग येत होता. पडद्याचा, पुण्याचा, त्या आटपाडीच्या माउलीचाही, जिचा काही दोष नव्हता.

आष्टा मागे पडल्यावर दादा म्हणाला, "पुढच्या टायमाला तू आदल्या दिशी घरी यी."

"कशाला?"

"पावणा म्हणून. तू आलास म्हंजी मला तुज्यासंगं बसावं लागंल. दुसरं कोण आलं तरी घरात पावणा हायच." तो बाहेर बघत होता. "आन तू न्हाई जेवलास, म्हंजी मलाबी जेवाय नगो."

पाच आठवड्यांनी, सोमवारी, मी गेलो. वहिनी परत आल्या होत्या. त्यांनी दोन पाट मांडले आणि दोन ताटे, आणि दोन्ही ताटांत तांब्या-पेला ठेवला. दादाच्या तांब्यात औषध, माझ्या तांब्यात साधे पाणी. दुपारपासून मला चांगलीच भूक लागली होती. दादा एक घोट घ्यायचा आणि माझ्या पेल्याकडे बघायचा. मग मी घ्यायचो.

मधेच दादाचा फोन वाजला. पाटणहून होता. वहिनींनी सकाळी कळवून ठेवले होते. दादाने तो माझ्या हातात दिला. पलीकडे वारा होता, धापही ऐकू येत होती. अक्का चढ चढून आल्या होत्या.

"घरी कोण आलंय?" त्यांनी विचारले.

"मी आलोय, अक्का."

"जेवला?"

"नाही."

"ब्येस," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.